चारकोपची होडी

परवा मामेबहिणीकडे सत्यनारायण होता म्हणून बऱ्याच वर्षांनी चारकोपला गेले. प्रसादाला वेळ होता, आणि घरात बायका इतक्या की पंख्याचा वारा कोणापर्यंत पोचेना. चपला घातल्या आणि बाहेर पडले. सेक्टरच्या टोकाला आता बाग झाली आहे. बागेत पोरांसाठी सिमेंटचा एक मोठा गुळगुळीत खड्डा केलाय, आणि त्यात पोरं डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला पट्टे बांधून चाकांच्या फळ्यांवरून घसरत होती. एका कडेने खाली, दुसऱ्या कडेने वर, वर गेलं की क्षणभर थांबायचं आणि परत खाली. मी काही त्या पोरांकडे बघत नव्हते. खड्ड्याच्या तळाशी पाणी जायला एक गोल भोक होतं, त्यावर लोखंडी जाळी. मी त्या भोकाकडे बघत उभी होते. शेवटी बागेचा वॉचमन जवळ आला.

"मॅडम, काय पडलं का तुमचं आत?"

"नाही हो. असंच."

असंच म्हणे! पण त्याला तरी काय सांगणार? की ह्याच जागी, फार तर पन्नास पावलं इकडेतिकडे, माझ्या बापाने असाच एक खड्डा लाकडाचा बांधला होता, आणि त्याला भोक ठेवलं नव्हतं. माणूस म्हणेल, बाईला ऊन लागलं.

आम्ही चारकोपला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तेव्हा इथे रस्ते आधी होते आणि घरं मागाहून येत होती. चुन्याने आखलेले प्लॉट, त्यांवर नंबर घातलेले दगड, मधूनच एखादं बैठं घर, आणि त्याच्या छपरातून वर आलेल्या गंजक्या सळया. झाड म्हणून एक नाही. खाडीचा वारा आला की खारा, कुजकट, थोडा सुक्या बांगड्यासारखा वास यायचा, आणि त्यात ओल्या सिमेंटचा वास मिसळायचा. दिवेलागणीला खाडीकाठच्या तिवरांतून कोल्हे ओरडायचे. परळच्या चाळीत वाढलेल्या मला कोल्हा फक्त पुस्तकातला माहीत. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "खंय आणून टाकल्यात आमका!" आणि देवापुढे जास्तीची उदबत्ती लावली.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद झाली, चाळ सुटली, आम्ही इथे आलो. का, कसं, हे मोठ्या माणसांनी तेव्हाही मला सांगितलं नाही आणि आता मला ते जाणून घ्यायचंही नाही. मला आठवतात ते उंबऱ्यावर बसलेले बाबा. पहिल्या पाळीच्या वेळेला ते उठायचेच. दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे, आणि उंबऱ्यावर बसायचे. पेपराची घडी घालायचे, उलगडायचे, परत घालायचे. आई नाक्यापलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या फण्या पॅक करायला जायची. मी शाळेतून आले की घरात मी आणि बाबा. आणि एक शब्द नाही. "जेवलात?" म्हटलं की मान हलायची. कधीकधी मला वाटायचं, घरात कोणी नसतं तर बरं झालं असतं. एकटी आहे हे तरी धड कळलं असतं. असं वाटलं की मला माझीच लाज वाटायची.

शेजारी बंड्या राहायचा, माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. त्याचे वडील बोटीवर खलाशी. वर्षाकाठी एकदा यायचे आणि कुठल्या कुठल्या बंदरातल्या वस्तू आणायचे. एका दिवाळीला त्यांनी बंड्यासाठी एक फळी आणली, खाली चार लाल चाकं. आख्ख्या सेक्टरमध्ये तसलं काही कोणी पाहिलं नव्हतं. बाबांनी ती हातात घेतली, उलटी केली, चाकं फिरवून बघितली आणि म्हणाले, "पाटाक चाकां लावली हत."

महिन्याभरात त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल.

आता चारकोपच्या खडीच्या रस्त्यावर ती फळी काय चालणार? बंड्या दोनदा पडला, ढोपरं फोडून घेतली. मग त्याने फळीबरोबर आलेलं इंग्रजी मासिक आणलं. त्यात एक फोटो होता. लाकडाचं मोठं अर्धं पिंप आडवं ठेवावं तसं काहीतरी, आणि त्याच्या कडेवरून एक पोरगा फळीसकट हवेत गेलेला. बंड्या मला म्हणाला, "तुझे आजोबा गावाला होड्या बांधायचे ना? मग तुझ्या बाबांना येत असेल. विचार ना यार."

"बाबांना नाही येत. बाबा गिरणीत होते."

"तू विचार तरी."

मी काही विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही. बंड्यानेच मासिक नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी फोटो बघितला. मग मासिक डोळ्यांजवळ नेलं. मग उजेडात धरलं.

"ही होडी आसा," ते म्हणाले.

"होडी नाही हो काका, रॅम्प म्हणतात."

"रँपबिंप माका नको सांगू. ह्यो फासळ्यो बघ. ह्यो वाक बघ. माजो बापूस असल्यो होडयो डोळे मिटून बांधायचो." आणि उंबऱ्यावरून उठले. देवाशप्पथ सांगते, त्या माणसाला दुपारच्या वेळी स्वतःहून उठलेलं मी कित्येक महिन्यांनी बघत होते.

माळ्यावर एक गोणपाटाची पिशवी होती. ती आजोबांची हत्यारं. गावाहून मुंबईला येताना बाबांनी बरोबर आणलेली, आणि गिरणीच्या वीस वर्षांत एकदाही न उघडलेली. तासणी, रंधा, पटाशा, आणि तीन गिरमिटं. गिरमीट म्हणजे हाताने फिरवून लाकडाला भोक पाडायचं हत्यार. सगळं गंजलेलं. दोन दिवस बाबा रॉकेल आणि वीट घेऊन घासत बसले. घरभर रॉकेलचा आणि लोखंडाचा वास, आणि बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणतायत! आई दारात उभी राहून बघायची आणि काही न बोलता आत जायची. तिला भीती वाटत असणार, की आपण बोललो तर हे थांबेल. मलाही वाटत होती.

लाकूड मिळालं इस्टेटमधल्या मोडक्या खोक्यांचं आणि बांधकामावरच्या टाकून दिलेल्या फळ्यांचं. फासळ्यांना लागणारी वाकडी लाकडं बाबा खाडीकडच्या बाभळींतून शोधून आणायचे. "वाकडा लाकूड वाकवचा लागणा नाय. देवानच वाकवन ठेवलेला असता," असं म्हणायचे. फळ्या मात्र वाकवाव्या लागत. खाली विस्तव, वरून ओलं फडकं, टोकाला दगड. गरम ओल्या लाकडाचा तो गोडसर वास मला अजून कुठे आला तर मी थांबते. फळी हळूहळू वाकायची, करकरायची, आणि बाबा तिच्याशी बोलायचे. "ये गो बाय, ये. आणखी वायच." मला पण ते बायच म्हणायचे. त्यामुळे कधीकधी मीच पुढे सरकायचे.

मला त्यांनी गिरमीट धरायला दिलं. आईने कपाळाला हात लावला, "चेडवाक सुतार करतास काय?" चेडू म्हणजे पोरगी. बाबा म्हणाले, "हात बरो आसा तिचो." आणि खरंच, मला ते जमायचं. बंड्याला नाही जमायचं, तो जोर लावायचा आणि लाकूड फाटायचं. जोर लावायचा नाही, आपलं वजन द्यायचं आणि लाकूड आत घेईल तेवढंच जायचं. अर्ध्यावर आलं की पलीकडून टोक कुठे निघतंय ते बघायचं, नाहीतर मागची कड उडते. खिळ्या-बोल्टांसाठी शंभरेक भोकं पाडली असतील मी. हाताला घट्टे पडले. शाळेत बाईंनी विचारलं तर मी अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे होडीचं काम चाललंय.

आता गंमत ऐका. मासिकातला फोटो एका बाजूने काढलेला होता. पलीकडचं टोक त्यात दिसतच नव्हतं. बाबांनी ते मनाने बंद केलं. मग अलीकडचंही बंद केलं.

"काका, फोटोत तर हे टोक उघडं आहे," बंड्या म्हणाला.

"तेंचा काम अर्धा रवला असतला. उघड्या तोंडाची होडी खंय असता काय रे?"

झालं! दोन्ही टोकं निमुळती होत बंद. वर सांधे भरायला कापूस. तेलात भिजवलेला कापूस फळ्यांच्या फटींत पटाशीने ठासायचा, वरून राळ, वरून डांबर. आणि शेवटी चारकोप गावातल्या कोळणींकडून आणलेलं माशाचं तेल, आतून बाहेरून तीन हात. काय तो वास! सेक्टरमधल्या बायका पदर नाकाला लावून जायच्या. एक बाई भांडायला आली तर आई म्हणाली, "आमची होडी आसा, वास येतलोच. तुमी कढीपत्त्याची फोडणी घालतास तेवा आमी काय बोलतंव?" होडी कुठे जाणार, पाणी कुठे आहे, हे विचारायचं त्या बाईला सुचलंच नाही.

माझ्या भाच्याने मध्यंतरी मोबाइलवर दाखवलं, की अमेरिकेत पूर्वी पोरं म्हणे रिकाम्या पोहण्याच्या टाक्यांमध्येच हा खेळ खेळायची, चारी बाजूंनी बंद. म्हणजे आमच्या बाबांचं तसं बरोबरच होतं. पण हे कळायला फार उशीर झाला.

मकरसंक्रांतीच्या आसपास होडी तयार झाली. बारा हात लांब, मधे पाच हात रुंद, कडा माझ्या छातीपर्यंत. खाली विटांचे ठोकळे देऊन दीड हात उचललेली. पहिल्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून आले, नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घातलं. आम्ही दहा-बारा पोरं हात जोडून उभी.

"बा देवा म्हाराजा! ह्या चारकोपच्या माळार आमी ही होडी घातलेली आसा. हेच्यात पोरां घसारतली, पडतली, उटतली. कोणाचो हात नाय, पाय नाय, मोडू देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. त्यातली अर्धी घाटावरची, विदर्भातली, त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. मग बंड्या वर चढला, फळीवर पाय ठेवला आणि जो घसरला तो सरळ पाठीवर आपटला. "वाट लागली!" तो खालून ओरडला. आणि बाबा हसले. असे हसले की खोकला आला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, म्हणून मी उगाच बंड्याला हसले.

मला त्यांनी वेगळी फळी करून दिली. आमचा जुना जेवायचा पाट, खाली इस्टेटमधून आणलेली बेअरिंगं. लाकडावर त्या बेअरिंगांचा घर्रर्र आवाज व्हायचा. तळाशी भरीव, कडेला चढताना पातळ, आणि अगदी वर, जिथे पाट थांबतो, तिथे काहीच आवाज नाही. तिथे वर थांबलं की खाडी दिसायची, पलीकडचे तिवर दिसायचे, आणि कडेवर बसलेले बाबा. "मदे धर गो, मदे! नाळीकडे जाव नको!" नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. आमच्या सेक्टरमध्ये सगळी पोरं पुढच्या टोकाला नाळच म्हणायला लागली. कोणी विचारलं कुठे गेला होतास, तर, "होडीत."

संध्याकाळी पोरं घरी गेली की बाबा आणि मी कडेवर पाय सोडून बसायचो. ऊन उतरायचं, लाकूड गार होताना टकटक करायचं. बाबा बोलायचे. त्यांच्या वडलांबद्दल, खाडीच्या मुखाशी फुटलेल्या होडीबद्दल, मुंबईला आलो त्या दिवशी किती रडलो त्याबद्दल. माझा बाप लहानपणी रडलाय हे मला तिथे कळलं. जानेवारी ते मे. एवढे पाच महिने मला बाप होता. मी त्यांतली एक संध्याकाळ कोणाला देणार नाही, मागितली तरी.

मग पावसाळा लागला आणि होडी भरली.

भरणारच की! थेंबभर गळायला फट ठेवली होती कुठे? पहिले दोन दिवस पोरांनी आत डुंबून घेतलं. बाबा वाकून वाकून खालून बघत होते. बुडाला हात फिरवला, हात कोरडा. "बघ," मला म्हणाले, "थेंब गळाक नाय." काय आनंद झाला होता त्यांना! पाणी आत राहतंय ह्यात काही चुकीचं आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि खरं सांगू, माझ्याही नाही. आम्ही दोघं त्या भरलेल्या होडीकडे कौतुकाने बघत उभे होतो, वेड्यासारखे.

आठवड्यात पाणी हिरवं झालं. दुसऱ्या आठवड्यात मलेरियावाला आला. खाकी कपडे, हातात लांब दांड्याची पळी. त्याने पळीभर पाणी काढलं आणि उजेडात धरलं. वळवळत्या अळ्या.

"हे काय आहे?"

"होडी," बाबा म्हणाले.

"होडीचं पाणी बाहेर असतं हो काका." माणूस वाईट नव्हता. हसूनच बोलला. "बुडाला एक भोक पाडा, झालं काम. आठ दिवसांनी येतो. पाणी दिसलं तर मग मला तोडायला सांगावं लागेल. सेक्टरमध्ये चार पोरं तापाने पडलीत."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "होडयेच्या बुडाक भोक?" कोणी आईच्या अंगावर हात टाक म्हणावं तसा चेहरा झाला होता.

आठ दिवस आम्ही पाणी उपसलं. मी आणि बाबा, दोन बादल्या. सकाळी उपसायचं, दुपारी पाऊस भरून टाकायचा. गावाला पावसाळ्यात होड्यांवर झावळ्यांचं छप्पर करतात म्हणून बाबांनी बांबू उभे करून प्लास्टिक घातलं. खाडीच्या वाऱ्याने ते पहिल्याच दिवशी नेलं. बाबा परत कमी बोलायला लागले. सातव्या दिवशी त्यांनी मोठं गिरमीट घेतलं आणि होडीखाली शिरले. मी बाहेर भिजत उभी. बऱ्याच वेळाने ते तसेच बाहेर आले. "माज्या हातान होवचा नाय गो. बापूस वरसून बघता."

होडी तोडली तर बाबा परत उंबऱ्यावर जाऊन बसणार. बाराव्या वर्षी मला एवढं स्वच्छ कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

आठव्या दिवशी गिरणीच्या गेटवर कसली तरी सभा होती म्हणून बाबा सकाळीच परळला गेले. आई कामाला. मी शाळेतून आले, दप्तर टाकलं, पिशवीतून मोठं गिरमीट काढलं आणि होडीखाली शिरले. खाली चिखल. पाठीवर झोपले. बुडाची मधली फळी शोधली, जिथे सगळं पाणी उतरून येईल अशी. टोक टेकवलं. वजन द्यायचं म्हणे! खालून वर भोक पाडताना वजन कुठलं द्यायचं? टाचा चिखलात रोवल्या आणि दोन्ही हातांनी वर रेटत फिरवत राहिले. भुसा डोळ्यांत पडत होता. आधी डांबराचा वास, मग लाकडाचा, मग माशाच्या तेलाचा. लाकूड आत घेईल तेवढंच जायचं, हे मी स्वतःला सांगत होते, मोठ्याने, बाबांच्या आवाजात. मग एकदम हात हलका झाला. गिरमीट ओढून काढलं आणि हिरवं पाणी सगळं तोंडावर आलं. नाकात, तोंडात. मी तशीच पडून होते. बरं वाटत होतं. वाटलं, वाचवली.

बाबा संध्याकाळी आले. होडी रिकामी होती. वाकून खाली बघितलं, बोट घालून भोक चाचपलं. मग घरी आले. मी अंघोळ करून, दोन वेण्या घालून अभ्यासाला बसले होते.

"कोणी पाडल्यान?"

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघालं, "मलेरियावाला आला होता. त्याने."

बाबा ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "इचारल्यान पण नाय?"

"नाही," मी म्हटलं.

मलेरियावाला खरोखर आला तो दुसऱ्या दिवशी. मी दारातच त्याला गाठलं, बाबा झोपलेत म्हणून सांगितलं. त्याने होडीत डोकावून बघितलं, "शाब्बास" म्हणाला आणि गेला. मी सुटकेचा श्वास सोडला. एवढीशी पोरगी, पण खोटं कसं निस्तरायचं ते बरोबर कळत होतं.

होडी कोणी तोडली नाही. पण बाबा परत तिच्याकडे गेले नाहीत. पंधरा दिवस उंबऱ्यावर बसले, आणि सोळाव्या दिवशी हत्यारांची पिशवी उचलली. "गावाक जावन येतंय." ते गेले ते गेलेच. तिकडे खाडीवर होड्या बांधायला, दुरुस्त करायला लागले. पत्र यायचं, दोन ओळींचं. आम्ही गणपतीला आणि मे महिन्यात जायचो. आई इथे फण्या पॅक करत राहिली. मुलीचं शिक्षण होतं. दोघांत भांडण नव्हतं, काही नव्हतं. कोणी विचारलं तर आई म्हणायची, "तेंका मुंबईची हवा मानवणा नाय." माझ्या मैत्रिणींचे बाप रोज संध्याकाळी घरी यायचे. मला ते बघवायचं नाही.

बंड्याला पुढे जाड टायरांची सायकल मिळाली, तो मातीच्या ढिगाऱ्यांवर उड्या मारायला गेला. बाकीची पोरंही त्याच्यामागे. दिवाळीनंतर होडीत मी एकटीच. खाली, वर, थांब, खाली. वर थांबल्यावर कडेवर कोणी बसलेलं नसायचं. मग पाट बाजूला ठेवून मी तळाशी झोपायचे, बुडाच्या त्या भोकाला पायाचा अंगठा लावून. खालून वारा लागायचा. आणि मग एकेक फळी जायला लागली. कोणाच्या मोरीला, कोणाच्या छपराला. मी कोणाला अडवलं नाही. कशासाठी अडवायचं?

बागेतून निघणार तेवढ्यात बहिणीचा फोन आला, अगं कुठे आहेस, आरती सुरू झाली. आले, म्हटलं. पण पाय उचलेना. कारण मला आठवत होता तो शेवट होडीतला नव्हताच. तो गावचा होता.

अडतिसाव्या वर्षी मी बाबांना सांगितलं. मे महिना होता, खाडीकाठी त्यांची झापांची शेड. ते एका होडीच्या फटींत कापूस ठासत होते, आणि ठासता ठासता नेहमीसारखे त्या मलेरियावाल्याला शिव्या घालत होते. सव्वीस वर्षं घालत होते. मला एकदम सहन होईना. म्हटलं, "बाबा, ते भोक मी पाडलं होतं."

त्यांचा हात थांबला. "तू?"

"मी. मोठ्या गिरमिटाने. खालून."

बाबा हसायला लागले. होडीतल्यासारखे, खोकला येईपर्यंत. "आवशीक खाव! आणि मी त्या गरीबाक... अगो, काय साफ भोक होता तां! कडेक साल उडाक नाय. माका वाटला, म्युनिसिपाल्टीन सुतार धाडल्यान. म्हटलंय, आता आमच्या लाकडाक हात लावूक पण तेंचो सुतार येता, न इचारता. मग माजा हय काय काम?" डोळे पुसले. "सांगूचा नाय तेवा?"

"तुम्ही रागावाल म्हणून. परत गप्प बसाल म्हणून."

"रागावलंय असतंय. दोन दिस जेवलंय नसतंय." त्यांनी कापसाची वात परत फटीत धरली. "पण तू पाडलंस म्हणान कळला असता, तर चारकोपाक रवलंय असतंय गो बाय. तुका शिकवूक."

मी म्हटलं, चहा टाकते. आत गेले, स्टोव्ह पेटवला, आणि त्याच्या आवाजाआड पोटभर रडले. बाहेर बाबा शेजारच्या शेडमधल्या माणसाला हाका मारून सांगत होते, "ऐकलंस काय रे? बारा वर्साचा माजा चेडू! बारा वर्साचा! आणि खालसून!"